देवघरातलं लायसन

आत्याबाईंना जाऊन आज सहा दिवस झाले. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या घरात सुना सासूला असंच म्हणत आल्या. घरात सुतक आहे. देवघराचा पडदा ओढलेला आहे, भाजीला फोडणी नाही, आणि भेटायला येणारी माणसं बहुतेक दुपारनंतर येतात. सकाळ माझी मलाच असते. शाळेच्या ग्रंथालयात दुसऱ्यांची पुस्तकं सांभाळण्यात माझं वय गेलं. स्वतः कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. आता लिहिते आहे, हळूहळू, खोडत खोडत.

काल बोलता बोलता मी म्हणाले, की आपल्या घरी एकेकाळी टीव्हीचं लायसन होतं. भाचसून हसली. "टीव्ही पाहायले लायसन? बंदुकीसारखं?" मग तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. दुःखात माझी काहीतरी गल्लत होते आहे, असं तिला वाटलं असावं.

गल्लत नाही. आमच्या तरुणपणी घरात टीव्ही ठेवायचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे. रेशनकार्डाएवढी पुस्तिका असायची. दरवर्षी ती पोस्टात न्यायची, तिच्यावर तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. शिक्का नसेल तर घरातला टीव्ही बेकायदेशीर. पुढे काही वर्षांतच सरकारनं ही पद्धत बंद केली आणि लोक ती विसरूनही गेले. मी मात्र त्या पुस्तिकेच्या निमित्तानं आत्याबाईंना पहिल्यांदा ओळखलं. त्याआधी दोन वर्षं मी त्यांच्याच घरात राहत होते, तरीसुद्धा.

आम्ही तेव्हा चिखल्याला होतो, मँगनीजच्या खाणीच्या वसाहतीत. माझे यजमान खाणीच्या कचेरीत कारकून होते. सासरे, त्यांना मी मामाजी म्हणायची, ते जमिनीखाली ड्रिल चालवून निवृत्त झालेले. इतकी वर्षं दगडात भोकं पाडता पाडता त्यांचे कान गेले होते. पाळीचा भोंगासुद्धा त्यांना ऐकू येत नसे. अंगणातली माणसं उठून निघाली की ते ओळखायचे. घरात रेडिओ होता, पण त्यांच्या दृष्टीनं ती नुसती लाकडाची पेटी होती.

नागपूरला एका दुकानाच्या काचेआड त्यांनी पहिल्यांदा टीव्ही पाहिला. रस्त्यावर आवाज येत नव्हता. आत एक बाई बोलत होती आणि बाहेर उभी असलेली दहा-बारा माणसं नुसती तिचे ओठ पाहत होती. मामाजी घरी येऊन म्हणाले, "तेथं सारेच माह्यासारखे होते." निवृत्तीनंतर त्यांनी घेतलेली पहिली आणि शेवटची मोठी वस्तू म्हणजे तो टीव्ही. त्याला दोन पल्ल्यांचं लाकडी दार होतं. चित्र नागपूरहून यायचं, म्हणून छपरावर आंब्याहून उंच लोखंडी पाइप उभा करून त्यावर अँटेना लावली. तरी पडद्यावर मुंग्या फिरत असायच्या आणि त्या मुंग्यांतून माणसं चालत असायची. मी कितीतरी पुस्तकं वाचली होती, पण शंभर किलोमीटरवरचा माणूस हवेतून येऊन आमच्या भिंतीजवळ हसतो, याची मला शेवटपर्यंत सवय झाली नाही.

संध्याकाळी मामाजी खाटेवर बसले, की आत्याबाई टीव्हीची दारं उघडायच्या आणि आवाजाचं बटण पूर्ण मागे फिरवायच्या. मी एकदा म्हटलं, थोडा आवाज ठेवू या ना. त्या म्हणाल्या, "त्याहिले आयकू येत नाही, मंग आपण काहून आयकाचं?" तास-दीड तास आम्ही सगळे मुक्यानं पाहायचो. दोघं म्हातारी माणसं खुणांनी आपसांत गोष्ट रचायची. माझ्या मते ती गोष्ट खऱ्यापेक्षा बरी असायची.

लायसन मामाजींच्या नावावर होतं. त्यावर सिंहांची मुद्रा होती, म्हणून त्यांनी ते देवघरात, बाळकृष्णाच्या पाटाखाली ठेवलं होतं. वर्षातून एकदा पूजा झाल्यावर ते काढायचं, एसटीनं तुमसरला जायचं, शिक्का मारून आणायचा, पुन्हा पाटाखाली. मला छापलेलं काहीही वाचायची खोड. शेंगदाण्याच्या पुड्याचा कागदही मी सोडत नसे. एका वर्षी पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरच्या अटी मी आत्याबाईंना वाचून दाखवल्या. जिथं टीव्ही तिथंच लायसन ठेवायचं. अधिकृत अधिकाऱ्यानं मागितलं की दाखवायचं. दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. लायसन नसेल तर सेट ताब्यात घेतला जाईल.

"अधिकृत मंजे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे ज्याच्याकडे सरकारचं ओळखपत्र आहे तो. कुणीही आला आणि मागितलं, तर दाखवायचं बंधन नाही."

"मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या. "पहिले त्यानं दाखवाचं, मंग आपण."

मामाजी गेले ते होळीच्या पुढेमागे. तेव्हाही असंच सुतक होतं. देवांना आम्ही हात लावू शकत नव्हतो. शेजारच्या क्वार्टरमधल्या काकी रोज सकाळी अंघोळ करून यायच्या, आमच्या देवापुढे दिवा लावून जायच्या. त्या वेगळ्या कुळाच्या, त्यांना आमचं सुतक नाही. खाणीच्या वसाहतीत अशी मदत सगळेच एकमेकांना करायचे.

पहिल्याच संध्याकाळी आत्याबाई उठल्या, टीव्हीची दारं उघडली, आवाज मागे फिरवला आणि सेट लावला. समोर रिकामी खाट. मी घाबरले. सुतकात टीव्ही लावला म्हणून क्वार्टरांच्या लाईनभर बोलणं झालं असतं, आणि झालंही. एक बाई दारातून म्हणाली, "बुढी सटकली का वो?" आत्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "दहा दिवस माणूस घरातच रायते. त्याहिची येळ झाली का मी लावून देतो. दहाव्याले पिंड गेला, का मंग नाही लावणार."

एवढंच त्यांना हवं होतं. दहा संध्याकाळी. त्यांतल्या तीन झाल्या होत्या.

चौथ्या दिवशी माझे यजमान आणि घरातले पुरुष अस्थी घेऊन वैनगंगेला गेले होते. घरी आम्ही दोघीच. उन्हं तापायला लागली होती. एवढ्यात काकी आपल्या अंगणातून ओरडल्या, "सूनबाई! लायसनवाला आला वो! चहाच्या टपरीवर बसून राहिला! तुमचा खांब खाली घ्या!"

"आमच्याकडे लायसन आहे, काकी."

"तुमच्याकडे हाय वो, माह्याकडे कोठचं! मेली मी!"

काकींचा टीव्ही नवा होता आणि त्यांनी लायसन काढलंच नव्हतं. एकट्या बाईकडून अँटेना काय उतरणार? त्यांनी सेटवर गाद्या रचल्या आणि पाइपाला दोरी लावून आपली धुतलेली नऊवारी थेट अँटेनावर चढवली, म्हणजे खालून ती वाळत घातल्यासारखी दिसेल. साडी निशाणासारखी फडफडू लागली. लाईनभर अशीच धावपळ चालली होती. कुणी तारा ओढत होतं, कुणी पाइप आडवा करत होतं. काकी म्हणाल्या, "मी तं आज घराभायेर पाय नाही ठेवत," आणि त्यांनी दार लावून घेतलं.

त्या दाराची कडी वाजली तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमचं लायसन देवघरात होतं. आम्ही ते काढू शकत नव्हतो. जी काढू शकली असती, तिनं नुकतंच दार बंद केलं होतं, आणि बाकी लाईनीचीही दारं लागली होती. त्या सकाळी काकींना उशीर झाला होता, आज दिवासुद्धा लागला नव्हता.

ते साहेब आमच्याच दारात आले, कारण लाईनीत उभा असलेला उघडा अँटेना एकच होता. पन्नाशीचा, बारीक माणूस. खांद्याला कापडी पिशवी, कपाळावर घाम. "बाई, टीव्हीचं लायसन दाखवा."

मी देवघराच्या पडद्याकडे पाहिलं. भिंतीशी बसलेल्या आत्याबाई उठल्या. "पहिले तुमचा कागद दाखवा."

साहेब थबकले. मग त्यांनी खिशातून ओळखपत्र काढलं. आत्याबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी मला खूण केली. मी फोटो पाहिला, माणूस पाहिला, पुन्हा फोटो पाहिला.

"केस गेले," ते म्हणाले. "बाकी मीच आहो."

"हेच आहेत," मी आत्याबाईंना सांगितलं.

"मंग आयका साहेब. लायसन हाय. पण थे देवघरात हाय, आन् आमाले सुतक हाय. आज चौथा दिवस."

"कोण गेलं?"

"माहे मालक."

"लायसन कुणाच्या नावानं?"

"त्याहिच्याच."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. ते रागावले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. सावकाश, समजावून सांगितल्यासारखं ते म्हणाले, "बाई, लायसन माझ्यासमोर आलं पाहिजे. नाही आलं तर मला विनापरवाना सेट म्हणून लिहावं लागते. मग सेट संध्याकाळच्या गाडीनं तुमसरला न्यावा लागते. या बाजूला माझा फेरा पुन्हा कधी होईल, सांगता येत नाही. आज पाहिलं ते आजच लिहावं लागते."

संध्याकाळच्या गाडीनं. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या खाटेकडे पाहत होत्या.

माझ्यातली शिकलेली मुलगी जागी झाली. मी म्हणाले, "मी अंघोळ करते आणि काढते. देव काही रागावणार नाही. एवढी मोठी अडचण आहे."

"नाही," आत्याबाई म्हणाल्या. "एक नेम मोडून दुसरा पाळाचा, थे मले नाही जमत."

"मग शेजारची कुणी येऊन काढून देईल का?" साहेबांनी विचारलं आणि काकींच्या घराकडे पाहिलं. त्यांची नजर हळूहळू पाइपावरून वर गेली, साडीपर्यंत. "तिथल्या बाई साडी फार उंचावर वाळवतात."

दाराच्या फटीत मला एक डोळा दिसला. आत्याबाईंनी हाक मारली असती तर काकी आल्या असत्या. नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. पण दार उघडलं असतं, आणि दारातून गाद्यांचा तो ढीग दिसला असता.

"तिले आज जमत नाही," आत्याबाई म्हणाल्या.

"समजलं."

 खाणीच्या बाजूनं दगडाची गाडी गेल्याचा आवाज आला. मग आत्याबाई म्हणाल्या, "साहेब, तुमाले सुतक हाय का?"

"मला? नाही."

"मंग तुमीच काढा."

त्यांना आधी कळलंच नाही. मलाही नाही. आत्याबाई अंगणाकडे बोट दाखवत सांगत होत्या, "ते पिंप हाय. आमी हात नाही लावत, तुमीच पाणी घ्या. हातपाय धुवा. चामड्याचा पट्टा आत चालत नाही, थो खिळ्याले टांगा."

साहेबांनी एकदा पिंपाकडे पाहिलं. मग त्यांनी चपला काढल्या, हातपाय धुतले, पट्टा सोडून खिळ्याला टांगला आणि एका हातानं पँट धरून ते घरात आले. देवघराच्या उंबऱ्याशी थांबून हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही माझी जात विचारली नाही."

"सुतक नाही ना तुमाले? मंग झालं."

त्यांनी पडदा सारला. आत अंधार होता. ते पाटाकडे वाकले, तशा आत्याबाई उंबऱ्याबाहेरून म्हणाल्या, "पहिले दिवा लावा. आज लागला नाही."

"दिवा लावणं माझ्या कामात येत नाही, बाई."

"देवाले न पुसता त्याच्या पाटाखालचं कसं काढता?"

काडेपेटीचा आवाज आला. पहिली काडी विझली. दुसरी पेटली. निरांजनाच्या वातीनं पेट घेतला आणि त्या उजेडात मला त्यांचा चेहरा दिसला. पिशवीत सरकारचं रजिस्टर घेऊन फिरणारा, सकाळपासून लोकांनी ज्याच्या भीतीनं तारा ओढल्या तो माणूस, आमच्या बाळकृष्णापुढे एका हातानं पँट धरून बसला होता. दुसरा हात त्यानं कपाळाला लावला. माझ्या अंगावर काटा आला. आजही लिहिताना येतो. मला वाटलं, या बाईनं आत्ता जे केलं, ते कोणत्या पुस्तकात सापडलं असतं? ती घाबरली नव्हती, रडली नव्हती, तिनं कुणाची दयासुद्धा मागितली नव्हती. सरकारचा नियम आणि आपला नेम, दोन्ही तिनं सारखेच खरे मानले होते.

साहेबांनी पुस्तिका बाहेर आणली आणि ओसरीवर बसून एकेक पान उलटलं. प्रत्येक वर्षाचं तिकीट, प्रत्येकावर तुमसरचा शिक्का. "एकही वर्ष चुकलं नाही," ते स्वतःशीच म्हणाले. मग मान वर करून म्हणाले, "पण बाई, लायसन माणसाच्या नावानं असते. माणूस गेला की ते संपते. कायद्यानं आता हा सेट विनापरवानाच आहे."

"कधी संपते?" आत्याबाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"जीव गेला तवा, का पिंड गेला तवा? दहा दिवस ते घरातच हायेत. रोज सांजेले मी त्याहिले टीव्ही लावून देतो. तुमाले खाट रिकामी दिसते, मले नाही दिसत. तुमच्या कागदात काय लिहून हाय?"

साहेबांनी पुस्तिका माझ्यापुढे धरली. देवघरातल्या वस्तूला सुतकात मी हात लावणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं, मग त्यांनीच शेवटचं पान उघडून माझ्यासमोर धरलं. "वाचा. काय लिहिलं आहे?"

मला त्या अटी पाठ होत्या, तरी मी वरून खालपर्यंत वाचल्या. पत्ता बदलला तर काय, पुस्तिका हरवली तर काय, सगळं होतं. मेलेला माणूस नेमक्या कोणत्या दिवशी घरातून जातो, ते नव्हतं.

"याबद्दल काही लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

त्यांनी रजिस्टर उघडलं. पेनाचं टोपण काढलं. मग लिहू लागले. मी उभी होते, मला अक्षरं उलटी दिसत होती, पण उलटं वाचायची मला सवय आहे. त्यांनी लिहिलं होतं: परवाना समक्ष पाहिला. शुल्क भरलेले. परवानाधारकाचे निधन. वारसाने तेरवीनंतर नाव बदलून घ्यावे.

सरकारी रजिस्टरात 'तेरवी' हा शब्द मी आयुष्यात तेवढा एकदाच पाहिला.

"सेट कोठी नाही जात ना?" आत्याबाईंनी विचारलं.

"नाही जात. आणि ऐका, माझ्यानंतर कुणी आला आणि सेट नेतो म्हणाला, तर त्याचा लेखी हुकूम पाहायचा आणि सेटची पावती मागायची. त्याशिवाय सेट द्यायचा नाही. तो तुमचा अधिकार आहे." मग ते जरा ओशाळल्यासारखे हसले. "तुम्हाला काय सांगायचं म्हणा."

पुस्तिका त्यांनीच परत पाटाखाली ठेवली, पडदा ओढला, पट्टा बांधला. सुतकाच्या घरी पाणी विचारता येत नाही, त्यांनीही मागितलं नाही. काकींच्या घरासमोर मात्र ते थांबले आणि बंद दाराला मोठ्यानं म्हणाले, "मी पुन्हा येणार आहे. तोवर साडी वाळली पाहिजे!"

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. बहुतेक गाद्या असाव्यात.

त्या संध्याकाळी टीव्ही लागला. त्यानंतरच्याही संध्याकाळी लागला, दहाव्यापर्यंत. मी रोज आत्याबाईंच्या शेजारी बसले. आधीचे तीन दिवस मी स्वयंपाकघरात जाऊन बसत होते.

तेरवी झाल्यावर आम्ही एसटीनं तुमसरला गेलो. काकीही आल्या, त्यांना आता रात्रंदिवस लायसनच दिसत होतं. पोस्टात खिडकीसमोर रांग होती. घरात शिकलेला मुलगा होता, पण आत्याबाई म्हणाल्या, टीव्ही मी लावतो, लायसन माह्या नावानं. माझ्या यजमानांनी मान डोलावली. मी अर्ज भरला होता. फक्त एक रकाना पोस्टातल्या बाबूंनी स्वतःसमोर भरून घ्यायचा म्हणून रिकामा ठेवायला सांगितला होता.

खिडकीतल्या बाबूंनी मान वर न करता विचारलं, "मयत परवानाधारकाचं नाव?"

मी सांगायला पुढे झाले. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. आत्याबाईंनी लग्नापासून ते घेतलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा त्या 'हे' म्हणून निसटायच्या. बाजारात कुणी विचारलं तर पोराकडे बोट दाखवायच्या. पण त्यांनी माझा दंड धरून मला मागे केलं.

"मी सांगतो. मले इचारलं त्याहीनं."

त्यांनी खिडकीच्या जाळीला तोंड नेलं आणि नाव सांगितलं. मामाजींचं, मग त्यांच्या वडिलांचं, मग आडनाव. आवाज इतका लहान होता, की मलाच जेमतेम ऐकू आला. शेजारी काकींनी तोंडाला पदर लावला.

"जरा मोठ्यानं सांगा, बाई," बाबू म्हणाले. "ऐकू आलं नाही."

आत्याबाईंनी पाठ सरळ केली आणि ते नाव पुन्हा घेतलं. अख्ख्या रांगेनं वळून पाहिलं.